माझ्या पेशी, दादाचं अंग

१२ जानेवारी १९९९

परत आला! दादाचा रक्ताचा कॅन्सर परत आला. गेल्या वर्षी माझी बोनमॅरो त्याला दिली, तेव्हा सुटलो असं वाटलं होतं.

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "आता बहिणीच्या पांढऱ्या पेशी देऊन बघू. कॅन्सरशी त्या लढतात." मी लगेच हो म्हणाले. पल्लवीवहिनीने माझा हात घट्ट धरला.

२० जानेवारी

दोन्ही हातांत सुया. रक्त मशीनमधून फिरवलं, पांढऱ्या पेशी काढून घेतल्या, उरलेलं परत माझ्या अंगात. शेवटी एक छोटी पिशवी निघाली — फिकट गुलाबी.

दादा म्हणाला, "मने, एवढीशीच? भांडताना तर घर डोक्यावर घेतेस!"

नर्ससुद्धा हसली.

२८ मार्च

मखमलाबादला, घरी. रिपोर्ट चांगला! आजार हटतोय. अंबडच्या कंपनीतले दोस्त आले होते — "ललित, कामावर कधी?" दादा वांग्यांच्या वाफ्यातून एकटा फिरून आला.

३ एप्रिल

अंगभर लाल चट्टे. जुलाब थांबत नाहीत. पुन्हा मुंबई.

९ एप्रिल

डॉक्टरांनी बसवून सांगितलं. पेशी कॅन्सरला मारतायत, पण आता दादाची कातडी, आतडी, लिव्हर — सगळंच त्यांना परकं वाटतंय.

"माझ्या पेशी?"

"हो."

"मग थांबवा ना त्यांना!"

स्टेरॉइड चालू आहे, म्हणाले. परदेशात अशा पेशींत आधीच एक जनुक घालून बघतायत. पेशी उलटल्या तर एक औषध द्यायचं, की त्या मरतात. पण ते अजून प्रयोगात आहे. आपल्याकडे नाही.

बाहेर वहिनी बाकावर बसली होती. पाणी दिलं, तर घेतलं नाही. "तुझ्याच रक्तानं..." एवढंच म्हणाली.

१७ एप्रिल

दादाचे डोळे हळदीसारखे पिवळे. तळहाताची साल निघतेय. हात धरायचीही भीती वाटते — मीच त्याला आतून खातेय!

आई म्हणते, "सख्ख्या बहिणीचं रगत हाय, ते कसं मारंल?"

काय सांगू तिला?

३० एप्रिल

दादा गेला.

४ मे

डॉक्टरांचा फोन. शेवटच्या तपासणीत कॅन्सर कुठेच सापडला नाही. जिंकल्या म्हणे माझ्या पेशी. हे घरात कुणाला सांगू? कुणालाच सांगितलं नाही.

१२ मे

तेरावं झालं. पाहुणे गेल्यावर वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"ह्यांना माहीत होतं, मनीषा. असं उलटू शकतं, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. हे म्हणाले, मनीला कळू देऊ नको. कळलं तर ती द्यायची नाही."

बरोबर ओळखलंस, दादा. नसत्याच दिल्या.