इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट जंगलातल्या तांबू घोडीस

प्रिय तांबू,

घोडीला कुणी पत्र लिहितं का? पण आज सकाळी गावाहून आईचा फोन आला. "व्हिसा आला रे! माझ्या तांबूला सांग, मे महिन्यात येतेय म्हणून." मी नुसतं "हो" म्हणालो. तू गेलीस, हे तिला अजून सांगितलेलं नाही. निदान तुझ्याशी तरी खरं बोलावं.

गेल्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे राहायला आली होती, तेव्हा आम्ही रीडिंग शहरातून तिकडे यायचो. दावं नाही, कुंपण नाही, माळावर मोकळी चरणारी घोडी पाहून आई हरखून जायची. आधी तू किती लांब राहायचीस! तिने गूळ-पोळी पुढे केली की मान फिरवायचीस. मग एके दिवशी घेतलीस. का घेतलीस गं? रान काय थोडं होतं?

आपण जेवायच्या आधी जनावराला घास, हे आमच्या घरात पूजेइतकंच जुनं. घास दिला की आई तुला हात जोडायची.

एकदा जंगलाची राखण करणारी बाई आली. "प्लीज, खायला घालू नका. मग जनावरं गाड्यांपाशी येतात." मी आईला मराठीत सांगितलं.

"तिला विचार, दारी आलेल्याला अशीच हाकलते का?"

"आई, नियम आहे इथला."

"मुक्या जिवाला घास घालायला कसला आलाय नियम? सरक तिकडे."

पुढे पुढे गाडीचा आवाज आला की तू तुझ्या शिंगराला घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहायचीस. आई म्हणायची, "ओळखते मला!" खरंच ओळखायचीस, की सगळ्याच गाड्यांत पोळी असते असं वाटायचं तुला?

हिवाळ्यात, एका धुक्याच्या संध्याकाळी, एक गाडी थांबली नाही. त्याच बाईने मला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. "पिल्लू तिथून हलेना," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून देवापुढे नैवेद्य ठेवताना हात थबकतो. आईची माया खोटी नव्हती गं. मग ती तुझ्या जिवावर का उठावी? देवाला विचारतो रोज.

आईला आज सांगणार आहे. रडेल, मला बोल लावील, कदाचित येणारही नाही. पण गूळ घेऊन ती पुन्हा त्या माळावर उतरली, तर रस्त्यावर यायला तुझं शिंगरू आहेच.

परवा ते माझ्या गाडीच्या काचेला नाक लावून उभं राहिलं. मी टाळ्या वाजवल्या, ओरडलो. जाईना. शेवटी काठी उगारली, तेव्हा पळालं, आणि लांबून माझ्याकडे बघत राहिलं.

दर रविवारी येईन, तांबू. मला पाहताच ते रानात पळू लागेल, तोवर हाकलत राहीन.

तुझा,
पोळीवाल्या म्हातारीचा मुलगा
दत्ता