अर्धी ताणलेली स्प्रिंग

प्रिय रवी,

सलीम आज संध्याकाळी येतो म्हणालाय. तुझी बंदूक खोलणार हाय. म्हणून बिड्यांचं सूप बाजूला सारलं आणि तुला लिहायला बसले.

तुमच्या त्या लुटुपुटीच्या लढाईच्या खेळाचं मैदान आता तो एकटाच सांभाळतो. तिथल्या बंदुका बिघडल्यात, पार्ट मिळेनात, म्हणून तुझ्या बंदुकीतले गिअर काढून दुसरीत घालतो म्हणाला. "मावशी, पडून पडून गंजून जाईल की." खोटं न्हाय बोलला बिचारा.

आपल्या कुंभारी गावातल्या बायकांना अजून कळलेलं न्हाय तू काय काम करायचास. "पोरगा बंदुका दुरुस्त करतो" एवढं कुणीतरी बोललं आणि दारात पोलीस उभे! आठवतंय? तू त्यांच्या हातावर साबुदाण्याएवढी प्लास्टिकची गोळी ठेवलीस, तेव्हा कुठं ते हसले. मी मात्र आठवडाभर तुझ्याशी बोलले न्हाय.

आणि मग मलाच कामाला लावलंस की रे! गिअरच्या दांड्यावर वायसरी, म्हंजे त्या पातळ पातळ चकत्या, बसवायच्या, तुझ्या जाड बोटांत त्या ठरायच्या न्हाईत. माझी बोटं बिड्यांना दोरा गुंडाळून तयार झालेली. "आई, ये की जरा" म्हणालास की मी आलेच. गिअर किंचित हलला पाहिजे, पण डुलता कामा नये. बोटानं फिरवायचा, कान लावायचा, किरकिर आली की परत खोल. एकदा मी गिअरच्या दातांना खोबरेल लावलं तर केवढा ओरडलास! "आई, ही वेणी न्हाय!" दातांना घट्ट ग्रीस, पिस्टनच्या रबराला पातळ सिलिकॉनचं, हे त्या दिवसापासून मी विसरले न्हाय.

गिऱ्हाईक आलं की कडक स्प्रिंग मागायचं. गोळी लांब गेली पाहिजे, बस्! तू द्यायचा न्हाईस. "आधी पिस्टनचे दात जातील, मग गिअरचे. आतल्या सामानाला झेपंल तेवढाच जोर घालायचा."

एवढं कळत होतं ना तुला? मग त्या दिवशी मोटारसायकल एवढ्या जोरात कशाला हाणलीस रे?

तुझा सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. खेळ संपला की बंदूक पिशवीत घालायच्या आधी सिंगलवर, म्हणजे एका वेळी एकच गोळी सुटंल असं ठेवून, खटका एकदा दाबायचा, म्हणजे आतली स्प्रिंग मोकळी होते. ताणलेली राहिली तर हळूहळू तिचा जीव जातो. ह्यावरनं तू मैदानावरच्या पोरांना किती शिव्या घातल्यास! आणि स्वतः? शेवटच्या खेळात तुझ्याच बंदुकीची बॅटरी बसली, स्प्रिंग अर्धी ओढलेली तशीच अडकली. "घरी जाऊन चार्ज करतो, मोकळी करतो," असं तू म्हणालास, सलीमनंच सांगितलं मला. त्या दिवशी सकाळी मी म्हटलं होतं, बॅटरी पूर्ण भरू दे, मग जा. ऐकलंस कधी?

घरी येताना अक्कलकोट रोडवर तू गेलास. पिशवीला साधा ओरखडासुद्धा आला न्हाय.

तेव्हापासून मी त्या बंदुकीला कुणाला हात लावू दिला न्हाय. वेडी म्हण मला. पण मला वाटायचं, तू सुरू केलेलं एक काम आत अजून चालू हाय. खटक्यावर दाबलेलं बोट तुझंच हाय, फक्त आवाज यायचा राहिलाय. लोक म्हणायचे, मन घट्ट कर. मी हूं म्हणायची आणि कपाटातल्या पिशवीवरनं हात फिरवून यायची.

आज सलीम खोलणार म्हणजे ती स्प्रिंग सुटणारच. मग दुसऱ्याच्या हातानं कशाला? मघाशी बॅटरी भरली. मॅगझिन काढलं, नळीत गोळी न्हाय ते बघितलं, तोंड भिंतीकडं केलं. सगळं तू शिकवलंस तसंच.

दाबलं, बाळा.

घर्र झालं आणि टक्. एवढंच! तुझ्या बंदुकीचा आवाज मला ठाऊक हाय, पत्र्यावर खडा आपटल्यासारखा. हा तसला नव्हता. परत दाबलं, तर तसंच मऊ. स्प्रिंगनं कधीच मान टाकलेली. तू सांगितलं होतंस, ताणून ठेवू नकोस, मरंल. मी जपायला म्हणून तशीच ठेवली आणि तिलाच मारलं. अगं बाई, काय करून बसले मी!

आता तुझं अर्धं राहिलेलं असं घरात काहीसुद्धा न्हाय. सगळं झालं. आता मी कशाची वाट बघू, सांग की! सकाळी उठून काय करू?

बरं, ऐक. सलीमला गिअर नेऊ देते. वायसरी मीच बसवून देईन, डोळे चालतायत तोवर. आणि त्याला एक अट घालणार हाय. एकाही पोरानं स्प्रिंग मोकळी केल्याशिवाय मैदान सोडायचं न्हाय, आणि घरी हळू जायचं. न्हाय ऐकलं तर मी स्वतः मैदानावर येऊन उभी राहीन. हा शब्द तुला दिला.

ती स्प्रिंग तेवढी माझ्याकडं ठेवते. सलीम म्हणंल, मावशी, ही आता कुठल्याच कामाची न्हाय.

मी तरी कुठं हाय?

तुझीच,
आई