स्लाईडची पांढरी बाजू

रविवार, ९ नोव्हेंबर, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कटकट वाजतो, की आता गप्प बसलाय? लेकीची कंबर बाळंतपणानंतर धरली होती, ती सुटली का? जावईबापूंचा खोकला? आणि आमचे नवे साहेब, वय वर्षे पाव, मान धरायला लागले का? इकडे मी ठीक. तुझ्या वहिनीची साखर वर-खाली असते, आवाज मात्र कायम वरच.

लेकीने वहिनीला लिहिलंय की तू बाळाला अजून उचलून घेतलेलं नाहीस. शेजारी बसतोस, खुळखुळा वाजवतोस, पण 'बाबा, जरा धरा' म्हटलं की 'माझ्या हाताचा भरवसा नाही' म्हणून उठून जातोस. ते वाचल्यापासून हे पत्र लिहायला बसतोय आणि उठतोय. आज बसलोच आहे, तर आधी इकडची बातमी सांगतो.

वाचनालयाच्या माडीवर मी फोटोग्राफीचा वर्ग काढलाय. हसू नकोस. आठवीत गचकलेल्या माणसाला सात जण 'सर' म्हणतात. एक शिंपीणबाई आहेत, एक निवृत्त पोस्टमन, दवाखान्यातली एक नर्स, बाकीचे असेच कामधंदा सांभाळून येणारे. सगळ्यांच्या खिशात फोन, मिनिटाला वीस फोटो, आणि पाहत कुणीच नाही. म्हटलं, यांना आपला मोठा कॅमेरा दाखवायचा. तिकाटण्यावरचा, काळ्या फडक्याचा, तळहाताएवढ्या फिल्मचा. एक फोटो काढायला अर्धा तास लागला की माणूस आपोआप बघायला लागतो.

पण आणायचा कुठून? नवा घेणं आपल्या ऐपतीबाहेर. दोन महिने पायपीट केली. शेवटी शेजारच्या गावात एक स्टुडिओ बंद पडला होता, तिथे मालकाचा मुलगा सामान विकत होता. मला पाहून म्हणाला, "आजोबा, शोभेला पाहिजे का? हॉटेलवाले घेऊन जातात, कोपऱ्यात उभा करतात."

मी म्हटलं, "शोभेला मी एकटा पुरेसा आहे. मला शिकवायला पाहिजे."

त्याला फडक्याखाली घेतलं. दारात त्याची आई उभी होती, ती कॅमेऱ्याच्या मागच्या धुरकट काचेवर उलटी, डोकं खाली, पाय वर. बराच वेळ बाहेरच आला नाही. आला तो म्हणाला, "बाबा दिवसभर हेच बघायचे?" आणि हॉटेलवाल्यांनी देऊ केलं होतं त्याच्या निम्म्यात दिला. फिल्म भरायचे सहा चपटे होल्डरही वर फुकट.

घरी आणला तर वहिनी म्हणते, "एक म्हातारं घरात कमी होतं का?" कॅमेऱ्याचा घड्यांचा भाता आतून दिवा लावून तपासला, तर चांदण्यांसारखी भोकं. शिंपीणबाईंनी काळं कापड डकवून सगळी बुजवली. भिंग एका बंद छापखान्यातून मिळालं. आणि फिल्म म्हणशील तर एक्स-रेची! नर्सबाईंनीच सुचवलं. खऱ्या फिल्मच्या किमतीत आमचा वर्ग पहिल्याच आठवड्यात बुडाला असता. एक्स-रेची लाल दिव्यात कापून होल्डरमध्ये भरतो. ओरखडे लवकर पडतात, पण शिकायला झकास.

तुझी आठवण होल्डर भरताना येते. आपल्या स्टुडिओत कामच तसं वाटलेलं होतं, अंधाऱ्या खोलीत भरणार तू, बाहेर फोटो काढणार मी. वर्गात तुझाच धडा तुझ्याच शब्दांत देतो. "स्लाईड म्हणजे होल्डरचं सरकतं झाकण. तिची पांढरी बाजू बाहेर म्हणजे आत कोरी फिल्म. फोटोसाठी स्लाईड ओढायची, फोटो काढला की उलटवून घालायची. काळी बाजू बाहेर म्हणजे काढलेली, तिला पुन्हा हात लावायचा नाही."

गेल्या रविवारी शिंपीणबाईंनी पोस्टमनचा फोटो काढला. नंतर त्याच होल्डरने खिडकीचा. धुतल्यावर फिल्मवर पोस्टमनच्या पोटातून खिडकी उघडलेली! सगळे हसले. पोस्टमन म्हणाले, "तरीच हल्ली पोटात वारा शिरतोय." बाई मात्र लगेच म्हणाल्या, "सर, माझ्याच हातून झालं. स्लाईड उलटवायची मी विसरले."

एवढंच. किती सोपं वाक्य आहे, धाकट्या. मी हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेलो आणि वाचनालयाच्या जिन्यावर बसून राहिलो.

आता लिहितो.

तुझ्या बायकोचा तो फोटो. ती कॅमेऱ्यापुढे उभी राहायची नाही, राहिलीच तर दातावर दात आहे म्हणून तोंडावर हात. त्या दिवशी मात्र लेकीने समोर काहीतरी माकडचेष्टा केली आणि ती हात विसरून हसली. मी बटण दाबलं. तेवढ्यात रस्त्यावर कारखान्याच्या गाडीचा भोंगा वाजला. त्यांच्या यंत्राचा फोटो काढायचा होता आणि मला आधीच उशीर झाला होता. होल्डर बॅगेत टाकला आणि त्याच फिल्मवर यंत्राचं चाक काढून आलो.

फिल्म धुतल्यावर तू विचारलंस, "दादा, हे कसं झालं?" आणि मी म्हणालो, "तू भरतानाच काळी बाजू बाहेर ठेवली असणार. मी सवयीने उलटवली, ती पांढरी झाली, म्हणून कोरी समजून पुन्हा वापरली."

तू भांडला नाहीस. तू आपले हात बघत राहिलास.

धाकट्या, स्लाईड ओढताना ती पांढरी होती. मी डोळ्यांनी पाहिली होती. तू बरोबरच भरली होतीस. भोंगा ऐकून मी ती न उलटवता तशीच आत सारली. चूक माझी होती, आणि फिल्म धुताना ती मला ठाऊक होती.

वाटलं होतं, आठवड्याभरात ती पुन्हा बसेल, दुसरा फोटो काढू, गोष्ट मिटेल. ती पुन्हा बसली नाही. चार महिन्यांत आजाराने तिला नेलं. मग तू स्टुडिओ सोडलास, मला वाटलं, दुःखाने. नंतर कळलं की तू होल्डरच काय, घरातला बल्बसुद्धा दुसऱ्याकडून लावून घेतोस. तेव्हाही मी गप्प राहिलो. बावीस वर्षं.

आणखी एक आहे, ते यापेक्षा वाईट. फिल्म फेकून दिली, असं मी तुला सांगितलं होतं. फेकली नाही. चाकाच्या आऱ्या तिच्या खांद्यांवरून गेल्यात, पण यंत्रामागे अंधारं दार होतं, आणि चेहरा नेमका त्या अंधारात आला. चेहरा शाबूत आहे, रे. दातावरचा दातसुद्धा. तुला ती तेव्हाच देता आली असती. पण दिली असती तर गोष्ट पुन्हा निघाली असती, आणि तुझ्याकडे बघत तेच खोटं दुसऱ्यांदा बोलायची माझी छाती नव्हती. म्हणून तुझ्या लेकीला आईचा हसरा चेहरा नंतर फोटोतसुद्धा बघायला मिळाला नाही.

वहिनीला काल सांगितलं.  आज सकाळी तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "आधी त्याला लिहा. मग माझ्याशी बोला."

सोबत पुठ्ठ्यात घालून ती निगेटिव्ह पाठवतोय. प्रिंट काढली नाही, तो माझा हक्क नव्हे. तुला काढावीशी वाटली तर इथे माडीवर अंधारी खोली आहे, लाल दिवा आहे. मी बाहेर जिन्यावर बसेन.

माफ कर असं लिहीत नाही. एकच मागतो. हे वाचून झालं की चष्मा काढ आणि बाळाला उचलून घे. तुझ्या हातांनी कधी काही बिघडवलेलं नाही.

मग दोन ओळी लिही. शिव्या असल्या तरी चालतील, पण लवकर लिही. पोस्टाची गाडी आली की मी खिडकीशी जातो.

'तुझा' लिहायला पेन अडतंय. म्हणून नुसतं

दादा