बकरीची कवळी

प्रिय उंदरे,

पेन्सिली कुरतडायचीस म्हणून बाबांनी ठेवलेलं हे नाव तू डॉक्टरीण झालीस तरी सुटणार नाही. तुझा निरोप मिळाला. किडलेली दाढ काढायला तू भूल दिलेली ती म्हातारी घोडी गुंगीतून उठलीच नाही. तिचा मालक सगळ्यांदेखत म्हणाला, माणसांचे दात जमले नाहीत म्हणून आमच्या जनावरांवर हात बसवतेय. आणि तू विचारलंस, बाबांच्या दातांच्या दवाखान्यातली दुसरी खुर्ची अजून माझीच आहे का. उत्तर देते, पण माझ्या बोलण्याला फाटे फुटतात हे तुला ठाऊक आहेच.

तू चौथीत असताना माळावरून बकरीची कवटी उचलून आणली होतीस, आठवतं? तेव्हाही मी दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्याच घडवत होते. कवटी पाहिली, तर वरच्या जबड्यात पुढे एकही दात नाही. वाटलं, बिचारीचे पडले. खालचे आठ मोजले आणि दुपारभर खपून मेणाचे आठ सुबक दात कोरून वर बसवले. तू शाळेतून आलीस, नीट पाहिलंस आणि माझी समजूत काढावी तशा आवाजात म्हणालीस, आई, बकरीला वर पुढे दात नसतातच गं, तिथे नुसती कडक हिरडी असते, तिच्यावर दाबून ती पाला तोडते. बाबा तर हसून हसून खाली बसले. बकरीला कवळी लावणारी जगातली पहिली बाई आमच्या घरात, असं येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सांगत सुटले. तू मात्र हसली नाहीस. म्हणालीस, पण दात छान झालेत. ते दात मी डबीत ठेवून दिले होते.

पुढे तू त्यांच्या शेजारी दात बघशील म्हणून बाबांनी ती दुसरी, निळी खुर्ची आणली आणि तू गेलीस जनावरांच्या कॉलेजात. माणसाच्या बत्तीस दातांत आमचा जन्म गेला, हिला अख्खी जत्रा हवी, म्हणून ते किती दिवस कुरकुरत होते. खुर्चीवरचं प्लास्टिक त्यांनी काढू दिलं नाही. मीही रोज ते पुसत राहिले.

मागे तुझ्याकडे आले, तेव्हा तू मला तबेल्याच्या ऑफिसात बसवून गेलीस. मी बसते थोडीच? दारातून पाहिलं, तर तुझा हात कोपरापर्यंत घोड्याच्या तोंडात आणि डोळे मिटलेले. नंतर तू सांगितलंस, घोड्याचे दात झिजतात तसे वर्षानुवर्षं वर सरकत राहतात, कडांना धार येते आणि गाल कापले जातात, म्हणून ते कानशीने घासावे लागतात. मी मान डोलावली, पण मन त्या मिटलेल्या डोळ्यांपाशीच होतं. कवळीची कड टोचेल का, हे मीही असंच पाहते, डोळे मिटून, बोटाने. हे तुला कुणी शिकवलं नाही. मागच्या खोलीत माझ्या पायाशी खेळता खेळता तू ते उचललंस. मग तो घोडा गवत चावायला लागला, एकही काडी न सांडता, आणि तू कानस धुताना स्वतःशीच गुणगुणलीस. परतीच्या वाटेवर शेजारच्या अनोळखी बाईला मी सांगितलं, माझी मुलगी घोड्यांचे दात बघते. तिने विचारलं नव्हतं.

तर खुर्चीचं. निरोप वाचून बाबा बराच वेळ तिच्याजवळ उभे राहिले. मग स्वतःच प्लास्टिक फाडलं आणि नवीन दवाखाना थाटणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला ती देऊन टाकली. मोकळ्या जागी फळी ठोकून तुझी ती बकरीची कवटी मांडली आहे. कुणी विचारलं की तासभर सांगतात, घोड्याचे दात वर येत राहतात, तुमचे येणार नाहीत, तेव्हा ब्रश करा; हे मला मुलीने शिकवलं. तुला ते स्वतः सांगायचे नाहीत, म्हणून हे पत्र. दमली असशील तर घरी ये, झोप, रड, हवं तेवढं राहा. पण तुझं काम तिकडे आहे, इथे तुझी खुर्ची नाही. आणि डबीतले ते दात मी काल वितळवले. मेण एका आजोबांच्या कवळीच्या साच्याला वापरलं. त्यांच्या तोंडात जागा खरंच रिकामी होती.

तुझीच,
कवळीवाली आई