गळलेला ‘व’

११ जानेवारी
कॉलेजात माझ्या टेबलाच्या खणात चिठ्ठी! ‘लाल पेन आवरा. नाहीतर तुमचे घर उद्धस्त होईल.’ शुद्धलेखनात नापास केलेल्यांपैकीच कुणीतरी. उद्या हे लोक शिक्षक होणार — आणि धमकीसुद्धा धड लिहिता येत नाही. ‘उद्ध्वस्त’मधला व खाल्लाय. स्टाफरूममध्ये वाचून दाखवली. सगळे हसले, मीही हसले.

१४ जानेवारी
दुसरी चिठ्ठी. ‘धाकटी चार वाजता सुटते. निळे दप्तर.’
आमच्या लेकीला घरात धाकटी म्हणतात, हे कुणाला कसं ठाऊक? ह्यांना दाखवली. “उद्यापासून शाळेत आणायला मी जातो,” एवढंच म्हणाले. पानावरून उठले ते परत बसले नाहीत.

१५ जानेवारी
मुलींनी शिकवायच्या पाठांची टाचणं लिहिलेल्या वह्यांचा गठ्ठा तपासायला घेतला. पहिलीच वही — ‘भूकंपाने गाव उद्धस्त झाले.’ व नाही!
वही टिपणबाईची. हे नाव वर्गातल्या मुलींनी ठेवलेलं — मी शिंकले तरी ती लिहून घेते म्हणून. तिलाही मी दोनदा नापास केलंय. बाकीच्या वह्या तशाच बांधून ठेवल्या. चोर सापडल्यावर त्या कशाला उघडायच्या?

१६ जानेवारी
प्राचार्यांच्या खोलीत तिला बोलावलं. वही आणि चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवली.
“अक्षर वेगळं वाटतंय,” प्राचार्य म्हणाले.
“अक्षर बदलता येतं, सर. चूक बदलत नाही.”
मग तिला विचारलं, “हा शब्द असा लिहितात?”
“मग कसा लिहितात, मॅडम?”
इतकं शांतपणे! माझं डोकंच फिरलं. माझ्या लेकीवर नजर ठेवते आणि वर मलाच विचारते.
दुपारी तिचं नाव कमी केलं. वडील न्यायला आले होते. त्यांनी हॉस्टेलवरून तिची पेटी उचलली आणि निघाले. ती गेटपाशी थांबून माझ्या खिडकीकडे बघत राहिली. मी पडदा ओढला.

१९ जानेवारी
तीन दिवस काही नाही. आता आणायला कशाला जायचं? धाकटी आज एकटी घरी आली.

२१ जानेवारी
खणात पुन्हा. ‘चुकीची मुलगी काढलीत.’ सोबत धाकटीच्या वहीतलं फाडलेलं पान.
हे धाकटीला घेऊन तडक दिरांकडे गेले. घर रिकामं. टिपणबाईच्या घरी फोन लावला. वडील म्हणाले, “त्या दिवसापासून ती बोलत नाही. कुणाशीच नाही.” आणि फोन ठेवला.

२२ जानेवारी
गठ्ठा सोडला. भूकंपाचा पाठ सगळ्यांनाच होता. एकोणतीस वह्या, एकोणतीस वेळा ‘उद्धस्त’.
पहिल्याच आठवड्यात मी पाठ करायला दिलेली शुद्ध शब्दांची यादी काढली. अठरावा शब्द. टाइप करताना व गळलाय. खाली माझी सही.