उतार

कोल्हापूर, मार्च २००३

चि. शांभवी,

परवा सकाळी नर्सबाईंनी तुझ्या अव्वाच्या गळ्यातलं इष्टलिंग काढून माझ्या हातात दिलं. अतिदक्षता विभागात बाहेरचं काही चालत नाही म्हणाल्या. आपल्या लिंगायत रीतीनं पाळण्यात असताना बांधलं, तेव्हापासून ते तिच्या अंगावेगळं झालं नव्हतं.

उसाच्या पाचटानं पाय चिरला आणि विष रक्तात भिनलं. पांढऱ्या पेशी फार वाढल्या होत्या. काल त्या कमी झाल्या, म्हणून मी तुला फोनवर 'उतार पडला' म्हणालो. तू हसलीस. मग डॉक्टर म्हणाले, "मामा, हा उतार नाही. जंतूंशी लढताना त्या तिच्याच फुप्फुसांवर तुटून पडल्या. आता थकल्यात. जंतू समोर असूनही हलत नाहीत."

"मग हलवा की त्यास्नी!"

"तसं औषध नाही, मामा."

तुझे दिवस भरलेत; आईचं हे आत्ता तुला सोसायचं नाही. तू बाळंत होईपर्यंत हे पत्र टाकणार नाही.

श्वासाची नळी घालण्याआधी अव्वा एवढंच म्हणाली होती, "लिंगाबिगर मला पाठवू नगासा." आज मी नळी काढायला सांगितली, आणि तिचा श्वास चालू असतानाच इष्टलिंग तिच्या गळ्यात बांधलं.

तुझा अप्पा,
शिवानंद