कांदाचाळीचा कॅमेरा

न्हावरे, मंगळवार, संध्याकाळ

कांदाचाळीवर नजर ठेवायला म्हणून ह्यांनी कॅमेरा बसवला. चाळ घराच्या मागं हाय, आन् कॅमेरा बघतो माझ्या स्वयंपाकघराच्या दाराकडं! कुणाची चोरी धरायचीय?

आज नवीन राउटर आला आन् कॅमेऱ्याचा दिवा लाल झाला. लगेच ह्यांचा कंपनीतून फोन, "बंद का पडलाय? बघ जरा."

मीच स्टुलावर चढले. सासऱ्यांनी, आप्पांनी, स्टूल धरलं. प्लग काढून परत लावला, तरी लालच. मग डोक्यात आलं, हा अजून जुन्याच वायफायचं नाव शोधतोय. नव्या राउटरला जुनं नाव, जुना पासवर्ड दिला. दिवा हिरवा!

खोटं कशाला लिहू, लई बरं वाटलं. कॉम्प्युटरचा कोर्स वाया गेला न्हाई. आप्पासुद्धा म्हणाले, "जमलं की गं पोरी!"

खाली उतरले तोच फोन. वाटलं, हे पण शाब्बास म्हणतील.

"आता दिसतंय. आप्पा समोर हायेत, पदर घे डोक्यावर."

घेतला. तासभर दिवा लाल होता, तासभर माझं डोकं उघडं होतं, आन् स्टूल धरून उभ्या आप्पांना त्याचं काहीच वाटलं नव्हतं.

हिरवा मीच केला.